दीर्घकालीन पाठबळाचे आश्वासन : मुक्तस्रोत सर्व्हर कार्यप्रणालीच्या निवडीची चिकित्सा

गोषवारा

सर्व्हरसाठी मुक्तस्रोत कार्यप्रणाली निवडताना पाठबळाच्या वर्षांची संख्या हा निर्णायक निकष मानण्याची प्रथा रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा केली आहे. पाठबळाची मुदत हा सॉफ्टवेअरचा अंगभूत गुण नसून ते कोणत्या तरी संस्थेने दिलेले आश्वासन असते. म्हणून आश्वासन कोणी दिले, नेमके कशाबद्दल दिले, त्याचा खर्च कोण उचलतो आणि ते मागे घेतले गेल्यास वापरकर्त्याच्या हाती काय उरते, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज निवड डोळस होत नाही, अशी मांडणी येथे केली आहे. विवेचनासाठी सेंटओएसचा अनुभव मध्यवर्ती मानला असून डेबियन, उबुंटू व रेड हॅट यांच्या धोरणांचा तौलनिक विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत, सर्व्हर, कार्यप्रणाली, दीर्घकालीन पाठबळ, सुरक्षा त्रुटी, सेंटओएस, डेबियन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक आणि त्याच इमारतीतील सर्व्हर यांच्या जबाबदाऱ्या भिन्न असतात. प्रयोगशाळेतील एक संगणक बंद पडला तर विद्यार्थी शेजारच्या संगणकावर जाऊन बसतो. ग्रंथालयाची देवघेव, प्रवेशाच्या नोंदी, अंतर्गत गुण आणि अभ्याससाहित्य ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते तो बंद पडला, तर संपूर्ण संस्थेचे काम थांबते. साहजिकच एकदा नीट बसलेली व्यवस्था उगाच हलू नये, अशी सर्व्हर सांभाळणाऱ्याची पहिली अपेक्षा असते. परंतु इंटरनेटशी जोडलेल्या यंत्राला ही चैन परवडत नाही. सॉफ्टवेअरमधील सुरक्षा त्रुटी सतत उघड होत असतात आणि त्या दुरुस्त न केलेले यंत्र हे उघड्या दाराचे घर ठरते. म्हणजे न बदलण्याची गरज आणि बदलण्याची सक्ती अशा दोन विरुद्ध मागण्या एकाच यंत्रावर येऊन आदळतात.

या पेचावर संगणकविश्वाने शोधलेला तोडगा म्हणजे ‘लाँग टर्म सपोर्ट’, अर्थात दीर्घकालीन पाठबळ. कार्यप्रणालीची एखादी आवृत्ती निश्चित करायची, तिच्यातील घटक पुढील काही वर्षे जसेच्या तसे ठेवायचे आणि केवळ सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या पुरवायच्या, असे तिचे स्वरूप आहे. कल्पना उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र तिच्याविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात एक सुलभीकरण आढळते. पाच वर्षे, दहा वर्षे, पंधरा वर्षे असे आकडे तक्त्यात मांडले जातात आणि सर्वांत मोठा आकडा असलेली प्रणाली सर्वांत सुरक्षित, असा निष्कर्ष काढला जातो. यंत्रसामग्रीच्या हमीचा कालावधी पाहून खरेदी करण्याची जी सवय आपल्या संस्थांना लागलेली आहे, तीच येथे लागू केली जाते. ही सवय कितपत ग्राह्य आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पनेची जडणघडण

लिनक्सचे ‘वितरण’ म्हणजे कर्नल, त्यावर चालणारी हजारो स्वतंत्र पॅकेजेस आणि त्यांना एकत्र बांधणारी व्यवस्था. ही पॅकेजेस जगभरातील भिन्न प्रकल्प तयार करतात. वितरण तयार करणारी संस्था त्यांची निवड, जुळणी आणि देखभाल करते. आरंभीच्या काळात वितरणांच्या नव्या आवृत्त्या साधारण सहा-आठ महिन्यांनी येत असत आणि जुन्या आवृत्त्या लवकरच वाऱ्यावर सोडल्या जात. व्यावसायिक वापरकर्त्यांना हा वेग मानवणारा नव्हता. रेड हॅट कंपनीने २००२ साली संस्थांसाठी वेगळी, संथ गतीने बदलणारी व वर्गणी भरून मिळणारी कार्यप्रणाली बाजारात आणली. तिची मोफत मालिका २००३ च्या ‘रेड हॅट लिनक्स ९’ या आवृत्तीनंतर संपुष्टात आली. उबुंटूने जून २००६ मध्ये ‘६.०६’ या आवृत्तीला दीर्घकालीन पाठबळाचे बिरुद प्रथम लावले. त्या वेळी सर्व्हरसाठी पाच आणि डेस्कटॉपसाठी तीन वर्षांची मुदत होती. पुढे २०१२ साली रेड हॅटने आपल्या प्रणालीचे आयुर्मान सात वर्षांवरून दहा वर्षांवर नेले. डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पानेही २०१४ पासून, ‘६’ या आवृत्तीपासून, नेहमीच्या मुदतीला जोडून दीर्घकालीन पाठबळाचा उपक्रम सुरू केला.

हे पाठबळ प्रत्यक्षात कसे पुरवले जाते, ते समजून घेतल्यावाचून त्याचे मूल्य कळत नाही. मूळ प्रकल्पाने एखादी त्रुटी आपल्या ताज्या आवृत्तीत दुरुस्त केलेली असते. वितरणाजवळ मात्र त्याच सॉफ्टवेअरची चार-पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती असते. ताजी आवृत्ती उचलून तिच्या जागी बसवली तर अन्य घटकांशी असलेली जुळणी बिघडण्याचा संभव असतो. म्हणून वितरणाचे तज्ज्ञ नव्या आवृत्तीतील नेमकी तेवढी दुरुस्ती वेगळी काढतात आणि जुन्या संहितेत बेताने बसवतात. या प्रक्रियेस ‘बॅकपोर्टिंग’ म्हणतात. जुन्या वाड्याची एक तुळई बदलताना बाकीचे छप्पर हलू न देण्यासारखे हे काम आहे. ते कष्टाचे, कौशल्याचे आणि बहुतांशी अदृश्य असते. आवृत्ती जितकी जुनी, तितके ते अवघड होत जाते, कारण नवी संहिता आणि जुनी संहिता यांतील अंतर वाढत जाते. पाठबळाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे हे मानवी श्रम उभे असतात, ही गोष्ट तक्त्यातील आकड्यात दिसत नाही.

३. जुनेपणाचे गुणदोष

‘जुने म्हणजे असुरक्षित’ आणि ‘जुने म्हणजे पारखलेले’ अशी दोन्ही विधाने या क्षेत्रात सारख्याच ठामपणे केली जातात. घडलेल्या घटना पाहता दोन्ही विधाने अर्धसत्य ठरतात.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.०.१ या मालिकेत शिरली होती. परिणामी, त्याहून जुनी ०.९.८ ही मालिका वापरणारी डेबियन ६ आणि रेड हॅटची पाचवी आवृत्ती या त्रुटीपासून मुक्त राहिल्या, तर तुलनेने नवी उबुंटू १२.०४ ही दीर्घकालीन पाठबळाची आवृत्ती तिच्या कचाट्यात सापडली. या प्रसंगाची आणखी एक बाजू उद्बोधक आहे. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी या नव्या आवृत्तीद्वारे दिली. उबुंटूने ती दुरुस्ती मागे आणून जुन्याच संहितेत बसवली आणि म्हणून दुरुस्तीनंतरही मूळ आवृत्तीचा क्रमांक १.०.१ असाच राहिला. केवळ हा क्रमांक वाचून सर्व्हरला असुरक्षित ठरवणारा परीक्षक अशा वेळी चुकीचा अहवाल देतो. सुरक्षा तपासणीच्या अहवालांकडे पाहताना महाविद्यालयांनी ही बाब ध्यानात ठेवावयास हवी.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण याहून गंभीर होते. माहिती संकुचित करणाऱ्या या लहानशा सॉफ्टवेअरमध्ये, दीर्घकाळ विश्वास संपादन करून देखभालकर्ता बनलेल्या एका टोपणनावधारी व्यक्तीने चोरदरवाजा बसवला होता. पोस्टग्रेसक्यूएल या विदागार प्रणालीवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशास अर्ध्या सेकंदाचा अधिक विलंब होत असल्याचे जाणवले आणि त्या धाग्यावरून हा कट उघडकीस आला. दूषित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत व फेडोराच्या विकसनशील आवृत्त्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. डेबियनची स्थिर शाखा आणि रेड हॅटची संस्थांसाठीची प्रणाली यांच्यापर्यंत मात्र त्या पोहोचल्या नाहीत. संथपणाने येथे ढालीचे काम केले.

तथापि संथपणाच्या समर्थकांनी २००८ मधील डेबियनचा अनुभव विसरू नये. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या देखभालकर्त्याने ओपनएसएसएलच्या संहितेत स्वतः एक बदल केला. त्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजारच शक्यता उरल्या. ही चूक मे २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूच्या, एप्रिल २००८ मध्ये आलेल्या दीर्घकालीन आवृत्तीतही ती उतरली. दोष मूळ प्रकल्पाचा नव्हता. तो वितरणाने केलेल्या फेरफाराचा होता. जुनी संहिता हाताळणारे हात किती जाणकार आहेत यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते, हे या तिन्ही घटनांचे सार आहे. मुदतीचा आकडा त्याविषयी काही सांगत नाही.

४. सेंटओएस : एका आश्वासनाची अखेर

रेड हॅटची प्रणाली वर्गणीची असली तरी तिची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली असल्याने तीच संहिता पुन्हा बांधून, बोधचिन्हे वगळून, मोफत वितरण तयार करणे शक्य होते. २००४ मध्ये असे दोन उपक्रम उभे राहिले. पहिला सेंटओएस हा स्वयंसेवकांचा. दुसरा ‘सायंटिफिक लिनक्स’ हा अमेरिकेतील फर्मीलॅब ही प्रयोगशाळा आणि जिनिव्हानजीकची सर्न ही संस्था यांच्या पुढाकाराचा. मूलकणांच्या प्रयोगांची सामग्री वर्षानुवर्षे तपासली जाते आणि विश्लेषणाची आज्ञावली दहा वर्षांनीही तेच उत्तर देईल याची शाश्वती लागते. त्यामुळे दीर्घकाळ न बदलणारी कार्यप्रणाली ही तेथे संशोधनाचीच गरज होती.

२०१४ च्या जानेवारीत रेड हॅटने सेंटओएसला आपल्या छत्राखाली घेतले. प्रमुख विकसकांना नोकरी मिळाली आणि नावावरील हक्क कंपनीकडे आले. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला आर्थिक स्थैर्य आले म्हणून तेव्हा या घटनेचे स्वागत झाले. जुलै २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट खरेदी केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फर्मीलॅबने, आठव्या आवृत्तीपासून आपण सायंटिफिक लिनक्स तयार करणार नसून सेंटओएस ८ स्वीकारणार, असे घोषित केले होते. सारखेच काम दोन ठिकाणी कशाला, हा त्यामागचा विचार तर्कशुद्ध होता. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली आणि तिच्या पाठबळाची मुदत मे २०२९ पर्यंत असल्याचे सांगण्यात आले.

८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की, सेंटओएस लिनक्स ८ चे पाठबळ ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपेल आणि यापुढे ‘सेंटओएस स्ट्रीम’ या, रेड हॅटच्या आगामी आवृत्तीचे पूर्वरूप असलेल्या शाखेवर लक्ष केंद्रित केले जाईल. उरलेली साडेआठ वर्षे एका वर्षावर आली. यातील विसंगती अशी की, २०१४ मधील सेंटओएस ७ चे पाठबळ ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालू राहिले. म्हणजे ज्यांनी नवी आवृत्ती तत्परतेने स्वीकारली त्यांच्या पायाखालची जमीन अडीच वर्षे आधी सरकली, तर ज्यांनी आळस केला ते निर्धास्त राहिले.

या निर्णयावर विश्वासघाताचा आरोप झाला. नैतिक दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. परंतु समीक्षकाने येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. सेंटओएसच्या वापरकर्त्याने कोणाशी करार केला होता? कोणाशीच नाही. मे २०२९ हा दिनांक म्हणजे एका प्रकल्पाने जाहीर केलेला मनोदय होता. तो पाळण्याचे बंधन ज्याच्यावर होते त्यालाच तो बदलण्याचा अधिकार होता, आणि २०१४ नंतर तो अधिकार एका कंपनीच्या व्यापारी हिताशी बांधला गेला होता. सेंटओएसची मोफत प्रत रेड हॅटच्याच विक्रीयोग्य मालाला पर्याय होती, ही गोष्ट उघड होती. आश्वासन देणाऱ्याचे हित आणि आश्वासनाची पूर्तता यांत अंतर पडल्याची खूण सहा वर्षे सर्वांसमोर होती. तक्ता मात्र २०२९ हाच आकडा दाखवत होता.

पुढे जे घडले त्यातून मुक्तस्रोत परवान्याचे खरे मोल दिसते. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि जून २०२१ मध्ये सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्ट्झर यांच्या पुढाकाराने रॉकी लिनक्स ही वितरणे उपलब्ध झाली. चालू सेंटओएस ८ यंत्राचे या वितरणांत जागेवरच रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीही देण्यात आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सर्न आणि फर्मीलॅब यांनी आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी संगणन केंद्र चालवते. तेव्हा जिनिव्हा व शिकागो परिसरातील या निर्णयांचा धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. बंदिस्त कार्यप्रणालीच्या बाबतीत उत्पादकाने हात वर केले असते तर तिच्या ग्राहकांना स्वतःची पर्यायी आवृत्ती बांधण्याचा मार्गच नव्हता.

या आशावादालाही मर्यादा आहे. २१ जून २०२३ रोजी रेड हॅटने जाहीर केले की, तिच्या प्रणालीशी संबंधित सार्वजनिक संहिता यापुढे केवळ सेंटओएस स्ट्रीमद्वारे मिळेल. नेमक्या प्रसिद्ध आवृत्तीची संहिता ग्राहकांपुरती राहील. त्यानंतर अल्मालिनक्सने हुबेहूब प्रतिकृतीचे ध्येय सोडून सुसंगततेचे ध्येय स्वीकारले, तर रॉकी लिनक्सने प्रतिकृतीचाच आग्रह धरला. मुक्त परवाना बाहेर पडण्याचा हक्क देतो, पण वाट नेहमीच सपाट असेल याची खात्री देत नाही.

५. मुदतीच्या आकड्याआड

आश्वासन कोणाचे, या प्रश्नानंतर ते कशाबद्दल आहे हा प्रश्न येतो. ‘दहा वर्षे’ या शब्दांचा अर्थ सर्वत्र सारखा नाही.

रेड हॅटच्या दहा वर्षांचे दोन टप्पे असतात. पहिल्या पाच वर्षांत नवीन यंत्रसामग्रीशी जुळणी व विविध सुधारणा मिळतात. नंतरच्या देखभाल टप्प्यात मुख्यतः गंभीर त्रुटींच्या दुरुस्त्या येतात. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीची प्रमाण मुदत पाच वर्षांची आहे. पण ते अभिवचन मुख्य विभागातील पॅकेजेसना लागू होते. ‘युनिव्हर्स’ या विशाल विभागातील पॅकेजेसची सुरक्षा समुदायाच्या सवडीवर सोपवलेली असते. त्या विभागालाही दहा वर्षांचे संरक्षण हवे असल्यास ‘उबुंटू प्रो’ ही स्वतंत्र सेवा घ्यावी लागते. कॅनॉनिकल कंपनीने ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये पूर्णत्वाने उपलब्ध केली आणि पुढे सशुल्क जोड देऊन एकूण मुदत मार्च २०२४ मध्ये बारा, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधरा वर्षांपर्यंत नेली. डेबियनमध्ये स्थिर आवृत्तीला सुमारे तीन वर्षे मूळ सुरक्षा गट सांभाळतो. पुढील दोन वर्षांचे काम वेगळा गट करतो. ते सर्व यंत्ररचनांना लागू नसते आणि काही पॅकेजेस त्यातून वगळलेली असतात. आपल्या यंत्रावरील कोणते पॅकेज पाठबळाबाहेर गेले आहे, हे दाखवणारे साधन डेबियनने पुरवले आहे. स्वतःच्या आश्वासनाच्या मर्यादा वापरकर्त्याला तपासू देणे, ही प्रामाणिकपणाची खूण मानली पाहिजे.

याहून सूक्ष्म अडचण वरच्या थरातील सॉफ्टवेअरची आहे. सेंटओएस ७ सोबत मूळची पीएचपी ५.४ ही आवृत्ती येत असे. पीएचपीच्या मूळ प्रकल्पाने तिचे पाठबळ २०१५ मध्येच थांबवले. तिच्या दुरुस्त्या वितरणाकडून पुढेही मिळू शकत होत्या. परंतु अध्यापनासाठी वापरल्या जाणाऱ्या मूडलसारख्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांना ती पुरत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मूडल ४.५ या दीर्घकालीन पाठबळाच्या आवृत्तीला पीएचपी ८.१ ही किमान आवश्यकता आहे. अशा वेळी सर्व्हर सांभाळणारा तिसऱ्याच कोणाच्या भांडारातून नवी पीएचपी आणून बसवतो आणि त्या क्षणी सर्व्हरचा सर्वांत नाजूक भाग वितरणाच्या आश्वासनाबाहेर जातो. फलकावर मात्र ‘पाठबळ २०२४ पर्यंत’ असेच लिहिलेले राहते. तात्पर्य, कार्यप्रणालीचे दिनदर्शक आणि तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे दिनदर्शक एकत्र मांडल्याखेरीज मुदतीला अर्थ येत नाही.

६. श्रमांचे मोल

तिसरा प्रश्न खर्चाचा. मुक्तस्रोत म्हणजे फुकट, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि मुक्तस्रोताच्या प्रसारकांनीही अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्याचा सोयीस्कर उपयोग करून घेतला आहे. वस्तुतः जुनी संहिता सांभाळणे हे सर्जनाचा आनंद न देणारे काम आहे. नवे घडवण्यासाठी स्वयंसेवक मिळतात. आठ वर्षांपूर्वीची आवृत्ती निगुतीने दुरुस्त करायला ते क्वचित मिळतात. डेबियनने ही अडचण ओळखली. तेथील दीर्घकालीन पाठबळाचा मोठा भाग फ्रान्समधील फ्रेक्झियन या कंपनीमार्फत, अनेक पुरस्कर्त्या संस्थांच्या वर्गणीतून, विकसकांना मोबदला देऊन केला जातो. पाच वर्षांपलीकडचे पाठबळ हवे असेल तर तेथे ते सशुल्क सेवेच्या रूपात मिळते.

खुद्द लिनक्स कर्नलचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. निवडक कर्नल शाखांची देखभाल दोन वर्षांऐवजी सहा वर्षे करण्याचे २०१७ मध्ये ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र नव्या शाखांसाठी पुन्हा दोन वर्षांवर येण्याचा मनोदय व्यक्त झाला. जुन्या शाखांचा प्रत्यक्ष वापर थोडा आणि देखभालकर्त्यांवरील ताण मोठा, हे कारण सांगण्यात आले. आकडा वाढवणे सोपे असते. तो पेलणारी माणसे मिळणे सोपे नसते.

येथे ओपनबीएसडीची भूमिका तुलनेसाठी उपयोगी पडते. सुरक्षिततेविषयी अत्यंत काटेकोर असलेला हा प्रकल्प दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतो आणि केवळ शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवतो. म्हणजे पाठबळ जेमतेम एक वर्षाचे. दीर्घ मुदतीलाच सुरक्षितता समजणाऱ्या दृष्टीला हे कोडे वाटेल. त्या प्रकल्पाचे गृहीत असे की, लहान लहान बदल वारंवार केले तर प्रत्येक बदल सोपा राहतो. दहा वर्षे साचलेला बदल एका सुट्टीत उरकायचा म्हटले की तो संकट बनतो. हे गृहीत प्रत्येक संस्थेला झेपणारे नाही, कारण त्यासाठी जाणकार मनुष्यबळ सतत हाताशी असावे लागते. तरीही दीर्घकालीन पाठबळाच्या तत्त्वज्ञानातील उणीव त्यामुळे स्पष्ट होते. दीर्घ मुदत बदल टाळत नाही. ती बदल लांबणीवर टाकते, आणि लांबणीवर टाकलेल्या कामावर व्याज चढते.

७. महाविद्यालयीन संदर्भ

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. मुक्तस्रोत आणि बंदिस्त पर्यायांची तुलना करताना क्षमता, धोरणात्मक नियंत्रण, विस्तारक्षमता, सुरक्षितता, आयुर्मानाचा एकूण खर्च आणि पाठबळाची गरज हे निकष त्यात नमूद आहेत. या यादीत ‘धोरणात्मक नियंत्रण’ आणि ‘पाठबळाची गरज’ स्वतंत्रपणे येतात, हे लक्षणीय आहे. पाठबळ भरपूर असूनही नियंत्रण परक्या हाती असू शकते, याचा सेंटओएस हा ठळक दाखला.

महाविद्यालयांची स्थिती पाहता निवडीचे तीन विचार सुचवता येतात. पहिला, कार्यप्रणालीची निवड तिच्यावर चालवायच्या सॉफ्टवेअरपासून सुरू करावी. ग्रंथालयासाठी कोहा वापरायचे असेल, तर त्याची अधिकृत पॅकेजेस डेबियन व उबुंटूसाठी तयार केली जातात. तेथे अन्य वितरणाच्या दहा वर्षांचा मोह धरणे गैरलागू आहे. दुसरा, कागदावरील मुदत आणि संस्थेची प्रत्यक्ष सवय यांची सांगड घालावी. ज्या संस्थेत सर्व्हरची जबाबदारी एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त कामाच्या रूपात असते आणि त्याच्या बदलीनंतर वा निवृत्तीनंतर सांकेतिक शब्दही शोधावे लागतात, तेथे पाच वर्षांचे पाठबळ आणि दर दोन-तीन वर्षांनी ठरवून केलेले स्थलांतर हे पंधरा वर्षांच्या विस्मरणापेक्षा हितावह होय. तिसरा, अंदाजपत्रकात शून्य रुपये परवाना शुल्क दाखवताना देखभालीसाठी मनुष्यबळ, प्रशिक्षण, राखीव प्रतींची चाचणी आणि स्थलांतराचा खर्च यांची तरतूद वेगळी दाखवावी.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, इतका विचार करण्यापेक्षा शुल्क भरून करार केलेला बरा. आक्षेप रास्त आहे. कराराने आश्वासनाला कायदेशीर बळ येते आणि ज्यांना ते परवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. परंतु करारही कलमांच्या मर्यादेत बोलतो, नूतनीकरणाच्या वेळी दर बदलतात आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची अंतिम जबाबदारी करारानंतरही संस्थेचीच राहते. शुल्क भरल्याने वर मांडलेले प्रश्न विचारण्याची गरज संपत नाही. फक्त ते विचारण्याचा हक्क अधिक ठाम होतो.

८. समारोप

दीर्घकालीन पाठबळ ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे आणि तिच्या मागे अनेक अनाम विकसकांचे चिकाटीचे श्रम आहेत. तिच्याविषयीचा आदर राखूनच असे म्हणावे लागते की, वर्षांचा आकडा हा निवडीचा आरंभबिंदू असावा, निर्णय नसावा. डेबियनचे बळ कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसण्यात आहे, तर त्याची उणीव पाठबळाच्या मर्यादित व्याप्तीत. उबुंटू आणि रेड हॅट यांचे बळ वेतन घेऊन काम करणाऱ्या तज्ज्ञांत आहे, तर त्यांची जोखीम कंपनीच्या बदलत्या धोरणात. अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स यांना सेंटओएसच्या अनुभवाचे शहाणपण लाभले आहे. तथापि ज्या झाडावर ती उभी आहेत त्याचे मूळ अद्याप दुसऱ्याच्या अंगणात आहे. यांपैकी कोणतीही निवड सदोष नाही, मात्र तिची जोखीम कोणती हे निवडणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

फर्मीलॅब आणि सर्न यांच्यासारख्या तज्ज्ञांनी भरलेल्या संस्थांनाही तीन-चार वर्षांच्या आत दोनदा दिशा बदलावी लागली. त्या सावरल्या, कारण त्यांच्याजवळ स्थलांतर करू शकणारी माणसे होती आणि त्यांची प्रणाली स्थलांतराची मुभा देणारी होती. आपल्या महाविद्यालयांना त्यांच्याएवढे मनुष्यबळ जमवता येणार नाही. परंतु आपल्या सर्व्हरवर काय चालते, त्याचे पाठबळ कोणाच्या शब्दावर आहे आणि तो शब्द फिरला तर पुढचे पाऊल कोणते, एवढे एका कागदावर लिहून प्राचार्यांच्या कपाटात ठेवणे आणि दरवर्षी ते तपासणे प्रत्येक संस्थेला शक्य आहे. कार्यप्रणालीच्या निवडीइतकेच हे लेखन महत्त्वाचे आहे.